पीसी स्लो झालाय? फॉरमॅट मारायच्या आधी जरा थांबा

आमच्या काकांचा पीसी २०१३ चा. आय थ्री थर्ड जनरेशन, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. आणला तेव्हा बिल्डिंगमधली पोरं बघायला आली होती. मागच्या दिवाळीत गेलो तर काकांचा सकाळचा कार्यक्रम असा झालेला, बटन दाबायचं, खाली जाऊन पूजेची फुलं काढायची, वर येऊन पासवर्ड टाकायचा, मग चहा टाकायचा, मग ब्राउझरवर डबल क्लिक करायचं आणि पेपर वाचायला घ्यायचा. छापील पेपर. मी गंमत म्हणून मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं, बटन दाबल्यापासून लाइटबिलाची साइट दिसेपर्यंत सात मिनिटं दहा सेकंद. आणि पासवर्ड टाकल्यापासून काकांचं बोट सारखं राइट क्लिक, रिफ्रेश, राइट क्लिक, रिफ्रेश.

तर पहिलं तेच सांगून टाकतो. डेस्कटॉपवर रिफ्रेश मारून पीसी फास्ट होत नाही. विंडोज फक्त आयकॉन परत एकदा काढून दाखवतं, बाकी काही नाही. आपण सगळेच शाळेच्या लॅबमध्ये हे शिकलो आणि आयुष्यभर करत राहिलो.

काका म्हणाले, "अरे सरळ फॉरमॅट मार ना, तो दुकानवाला दरवेळी तेच करतो." (फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकायचं.) मारला की महिनाभर बरा चालतो हे खरंय, पण मग परत तेच, कारण दुखणं दुसरीकडंच असतं. शिवाय फॉरमॅटमध्ये काय काय उडतं ते नंतर कळतं (माझ्या हातून एकदा काय झालं ते पुढं सांगतो). म्हणून आधी बघायचं की नेमकं अडतंय कुठं.

आधी नुसतं बघा

पीसी चालू करा आणि दहा मिनिटं काहीच उघडू नका, बसू दे तसाच. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटनं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. छोटीशीच खिडकी आली तर खाली मोअर डिटेल्स असतं ते दाबा. आता वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील आणि प्रत्येकावर टक्के. (घरात आपण त्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतो, इथं सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर.)

तुम्ही काहीही करत नसताना डिस्क ९०-१०० टक्क्यांवर असेल तर हार्ड डिस्क दमलीये. मेमरी (म्हणजे रॅम, चालू असलेलं काम धरून ठेवायची जागा) कायम ८०-८५ च्या वर असेल तर रॅम कमी पडतीये. सीपीयू बसल्याजागी ४०-५० टक्के खात असेल तर काहीतरी सॉफ्टवेअर मागं गुपचूप काम करतंय, त्या रकान्याच्या नावावर क्लिक केलं की कोण जास्त खातंय ते वर येतं. काकांच्या पीसीवर डिस्क १००, मेमरी ८३, सीपीयू ९. मी आत्तापर्यंत नातेवाइकांचे जेवढे जुने पीसी बघितले त्यातल्या बहुतेकांचं हेच, प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो आणि डिस्क घामाघूम.

असं का होतं ते थोडक्यात सांगतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला ७२०० वेळा, लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्कमध्ये ५४००, आणि एक सुई इकडून तिकडं पळत माहिती उचलते. एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला तिला साधारण दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे विखुरलेल्या बारीक फायली असल्या तर सेकंदाला शंभरेक उचलल्या तरी खूप. रेशनच्या दुकानात एकच माणूस असावा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला किलोभर साखर द्यायला त्यानं मागच्या गोदामात जाऊन यावं, तसं. विंडोज चालू होताना हजारो बारीक फायली मागतं. रांग लागणारच.

टास्क मॅनेजरमध्येच परफॉर्मन्स टॅब आहे, तिथं सीपीयूवर क्लिक केलं की खाली अप टाइम दिसतो, म्हणजे पीसी सलग किती वेळ चालू आहे ते. काकांचा अप टाइम होता २३ दिवस. काका म्हणाले, "शक्यच नाही, मी रोज बंद करतो, वर भिंतीवरचं बटनपण बंद करतो." दोघांचंही बरोबर. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय चालू असते, शट डाऊन केलं तरी विंडोजचा गाभा तसाच डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो, त्यामुळं आतला कचरा साचत जातो. रिस्टार्ट केलं की मात्र खरंच सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणून आठवड्यातून एकदा शट डाऊनच्या ऐवजी रिस्टार्ट करा. एवढ्यावर काहींचं काम भागतं, खोटं नाही सांगत.

फुकटातली कामं

टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप टॅब असतो. पीसी चालू झाल्या झाल्या कोण कोण उठून बसतं त्याची यादी. काकांच्या यादीत एकोणीस नावं होती, त्यात २०१५ मध्ये घेतलेल्या आणि २०१८ मध्ये भंगारात गेलेल्या प्रिंटरचा मदतनीस, एका जुन्या मोबाईलचं सॉफ्टवेअर, टोरेंट (नेटवरून सिनेमे वगैरे उतरवायचं सॉफ्टवेअर), आणि टोरेंट कुणी टाकलं यावर घरात जरा शांतता पसरली. राइट क्लिक करून डिसेबल करायचं. याने सॉफ्टवेअर उडत नाही, फक्त स्वतःहून चालू होत नाही. साउंडचा ड्रायव्हर, लॅपटॉप असेल तर टचपॅड, आणि अँटिव्हायरस यांना सोडा. ज्याचं नाव कळत नाही ते आधी नेटवर शोधून बघा, मगच डिसेबल करा.

मग सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडा आणि जे लागत नाही ते अनइन्स्टॉल करा. इथं दोन गोष्टी हमखास सापडतात. एक, दोन-दोन अँटिव्हायरस. एक पीसीबरोबर आलेला, दुसरा भाच्यानं टाकलेला, आणि दोघं एकमेकांच्या फायली तपासत बसलेले. एकच ठेवा, आणि घरगुती वापराला विंडोजमधला स्वतःचा डिफेंडर पुरतो, त्याचे पैसे पण लागत नाहीत. दोन, ते "पीसी बूस्टर", "ड्रायव्हर अपडेटर", "रजिस्ट्री क्लीनर" टाइपचे प्रकार. लाल अक्षरात "तुमच्या पीसीत १४८७ एरर सापडले" म्हणून घाबरवतात आणि दुरुस्तीचे पैसे मागतात. ही सॉफ्टवेअर म्हणजेच दुखणं. काढून टाका, त्याच्या जागी तसलंच दुसरं आणू नका. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची वही म्हणा) साफ करून पीसी पळायला लागला असं मी तरी अजून बघितलेलं नाही, बिघडलेला बघितलाय.

सी ड्राइव्ह लाल झालाय का बघा. निदान १५-२० टक्के जागा मोकळी पाहिजे, नाहीतर विंडोजला हातपाय पसरायला जागा राहत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, तिथं टेम्पररी फाइल्स, टिक करून रिमूव्ह. मात्र डाउनलोड्सच्या समोर टिक करू नका. आपल्याकडं डाउनलोड्स म्हणजे तिजोरी असते, सातबारा, आधारची पीडीएफ, पोराची मार्कशीट, सगळं तिथंच पडलेलं. ते हातानं एकेक बघून डी ड्राइव्हमध्ये हलवा. डेस्कटॉपवरचे फोल्डर पण सी ड्राइव्हमध्येच मोडतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, काकांच्या डेस्कटॉपवर पुतणीच्या लग्नाचा ३८ जीबीचा व्हिडिओ होता.

आता दिसण्याच्या करामती. विंडोजचं बटन आणि आर दाबा, पाटी येते त्यात इंग्रजीत एस वाय एस डी एम, मग टिंब, मग सी पी एल असं सलग टाइप करून एंटर. ॲडव्हान्स्ड टॅब, परफॉर्मन्सच्या खालचं सेटिंग्ज, तिथं ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स निवडा. सगळ्या टिक जातील. त्यातली एक परत लावा, स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स. नाही लावली तर मराठी अक्षरं काटेरी दिसतात, जोडाक्षरं वाचताना डोळे दुखतात, आणि मग घरातली मंडळी म्हणणार तू काहीतरी बिघडवलंस. फरक किती पडतो? जुन्या ग्राफिक्सवर थोडाफार. फुकट आहे म्हणून करायचं.

ब्राउझर बघा. उजव्या कोपऱ्यात सतत लॉटरी, व्हायरस, जॉब असल्या पाट्या येत असतील तर तो व्हायरस नसतो बहुतेक वेळा, कुठल्यातरी साइटनं "नोटिफिकेशन पाठवू का" विचारलं आणि कुणीतरी अलाऊ दाबलं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समध्ये जाऊन तिथल्या सगळ्या अनोळखी साइट काढून टाका. एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) पण तसंच, ज्याचा उपयोग आठवत नाही ते उडवा. एक जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन मात्र टाका, जुन्या पीसीवर पेजपेक्षा जाहिरातीच जास्त जड असतात. आणि टॅब. चार जीबी रॅमवर वीस टॅब उघडे ठेवून पीसी हँग होतो म्हणणं म्हणजे स्कूटरवर अख्खं कुटुंब बसवून ॲव्हरेज देत नाही म्हणण्यातला प्रकार.

चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर अजून एक करून बघा. सर्व्हिसेस (विंडोज मागं चालवतं त्या कामांची यादी) उघडा, यादीत सिसमेन शोधा, स्टॉप करून डिसेबल्ड करा. जे लागेल असं वाटतं ते आधीच रॅममध्ये आणून ठेवायचं असं तिचं काम, पण जुन्या डिस्कवर हीच धावपळ कधीकधी जड जाते. दोन दिवसांत फरक वाटला नाही तर परत चालू करा. डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली एका जागी लावणं) हार्ड डिस्कसाठी विंडोज स्वतःच ठरावीक दिवसांनी करतं, त्यात वेळ घालवू नका.

हे सगळं झाल्यावर काकांचा पीसी सात मिनिटं दहा सेकंदांवरून साडेचार मिनिटांवर आला. काकू म्हणाल्या "बराच फरक आहे की." मला बरं वाटलं, पण साडेचार मिनिटं म्हणजे अजूनही चहा होतोच.

डबा उघडायचा

घाबरू नका, स्क्रू ड्रायव्हर लागतो आणि गॅलरी. गॅलरी का ते पहिल्या फुंकरीला कळेल. मागची पॉवरची वायर काढा, मग पॉवरचं बटन पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट जातो. समोरून बघितलं तर साधारण डाव्या बाजूचा पत्रा उघडतो. एखाद्या लोखंडी वस्तूला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला, अंगातली स्थिर वीज सर्किटला चालत नाही.

रंगकामाचा कोरडा ब्रश आणि असेल तर ब्लोअर. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग जातं. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये फेल्टसारखी धूळ बसलेली असते, ती महत्त्वाची. ओलं फडकं अजिबात नाही. पॉवर सप्लायची पेटी बाहेरून ब्रश करा पण उघडू नका, वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो. काकांच्या डब्यात एक वाळलेली पाल निघाली, काकू त्या दिवशी पीसीच्या खोलीत आल्याच नाहीत.

पीसी पहिली दहा-पंधरा मिनिटं नीट चालतो आणि मग मंदावतो, फॅन विमानासारखा ओरडतो, असं असेल तर गरमीचं दुखणं. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतो. टास्क मॅनेजरमध्ये काम चालू असताना स्पीडचा आकडा बेस स्पीडच्या बराच खाली दिसला की समजायचं. अशा वेळी फॅन काढून थर्मल पेस्ट बदलायची, जुनी पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी झालेली असते, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, आणि नवीन भिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्याएवढी मध्यभागी. जास्त लावू नका, लोणी नाही ते. इंटेलच्या जुन्या फॅनला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्या बाणाच्या दिशेनं फिरवून मग वर ओढायच्या. मी एकदा न फिरवता ओढली आणि तोडली, पूर्ण फॅन नवीन घ्यावा लागला. हात थरथरत असेल तर हे काम दुकानात द्या, लाज नाही त्यात.

रॅम बाहेर काढून तिच्या सोनेरी दातांवर पांढरा खोडरबर हळू घासायचा, कण ब्रशनं झटकायचे, परत बसवताना दोन्ही टोकांना टक आवाज आला पाहिजे. चालू केल्यावर बीप बीप येतंय आणि स्क्रीन काळी, तर घाबरायचं नाही, रॅम नीट बसली नाही. काढा, परत बसवा. हा खोडरबरचा उपाय म्हणजे आजीचा काढा वाटतो, पण दमट हवेत, कोकणात वगैरे, दातांवर थर येतो आणि खरंच उपयोग होतो.

उघडलंच आहे तर बोर्डावरचा (मदरबोर्ड, आतली सर्किटची मोठी पाटी) नाण्यासारखा सेल बदला. सीआर २०३२. पीसीची तारीख सारखी मागं जात असेल तर तो संपलाय. तारीख चुकली की ब्राउझर बँकेच्या साइट उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो, आणि लोक इंटरनेटवाल्याला शिव्या देतात.

पैसे लावायचे तर कुठं

एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कवर. दुसऱ्या नंबरला रॅम. बाकी कशावर नाही.

एसएसडीत फिरणारं काही नसतं, सुई नाही, तबकडी नाही, त्यामुळं तो गोदामात जाऊन येण्याचा प्रकारच संपतो. सेकंदाला शंभराऐवजी हजारो बारीक फायली उचलल्या जातात. २४० किंवा २५६ जीबीची घ्या, साटा (डिस्क बोर्डाला जोडायचा एक प्रकार) वाली, अडीच इंची. जुन्या बोर्डावर ती लांबट पातळ एम डॉट टू वाली बसत नाही, दुकानदार दाखवेल, घेऊ नका. काकांच्या बोर्डासारख्या एच ६१ वर साटा टू पोर्ट असतात, म्हणजे पाकिटावर लिहिलेला पाचशेचा आकडा तिथं येणार नाही, पावणेतीनशे एमबीच्या आसपास अडकेल. काही फरक पडत नाही, कारण खरा फायदा बारीक फायलींचा आहे, त्या आकड्याचा नाही. डेटा केबल वेगळी मागून घ्या, बऱ्याचदा पाकिटात नसते. कॅबिनेटमध्ये अडीच इंचाची जागा नसेल तर दोन्ही बाजूनं चिकटणारी टेप लावली तरी चालतं, हलतं काहीच नाही आत.

२०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी दोन्ही महागलेत, जुने भाव मनात धरून जाऊ नका. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला एकाच दुकानात थांबू नका, तीन-चार ठिकाणी विचारा. ऑनलाइन घेताना कवडीमोलात दोन टीबी असलं काही दिसलं तर सोडून द्या, आत मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि आकडा खोटा.

रॅम घेताना जुन्या पट्टीवरचं स्टिकर वाचा, किंवा सरळ मोबाईलवर फोटो काढून दुकानात दाखवा. पीसी ३ लिहिलं असेल तर डीडीआर थ्री, पीसी २ असेल तर डीडीआर टू, एकाची खाच दुसऱ्यात बसत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड असते आणि बऱ्याच लॅपटॉपला कमी व्होल्टेजची, एल अक्षरवाली, लागते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट भरलेत तेही दिसतं, डबा न उघडता. काकांकडं दोनपैकी एक भरलेला, तिथं सेकंड हँड चार जीबी टाकली. आणखी एक, विंडोज ३२ बिटवालं असेल तर चार जीबीच्या वरची रॅम घालून उपयोग नाही, ती वापरलीच जाणार नाही. सेटिंग्जमध्ये अबाउटमध्ये सिस्टिम टाइप बघा. तसं असेल तर ६४ बिट नव्यानं टाकावं लागेल.

आणि खर्च कुठं करू नये ते पण सांगतो. पेंटियम फोर, किंवा डीडीआर टू वाला ड्युअल कोर, त्याच्यावर रॅम शोधत फिरू नका. एसएसडी मात्र बोर्डाला साटा पोर्ट असेल तर त्यातही चालते आणि उद्या दुसऱ्या पीसीत नेता येते, म्हणून तेवढीच घ्या फार तर.

डेटा, आणि माझी चूक

काहीही हलवायच्या आधी क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून हार्ड डिस्कची तब्येत बघा. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे डिस्क जायच्या वाटेवर, आजच बॅकअप घ्या, उद्यावर नको. डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर हे सॉफ्टवेअर पण नंतर, आधी त्यातले फोटो दुसरीकडं कॉपी करून घ्या.

आता ती चूक. मावशीचा पीसी मी फॉरमॅट केला, फोटो, डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, सगळं पेनड्राइव्हवर घेऊन. संध्याकाळी मावशीचा फोन, "अरे मंडळाची सगळी पत्रं इंग्रजीत झालीत." इंग्रजी नव्हतं, अक्षरांची खिचडी होती. वीस वर्षांची पत्रं जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आणि तो फॉन्ट मी उडवून बसलेलो. ज्यांच्याकडं श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये काम झालंय, त्यांनी विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्सचा फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेवा. श्रीलिपीचं डोंगल (पीसीला लावायची लायसनची किल्ली) असेल तर ते आणि त्याची सीडी सापडतीये का तेही बघा, आधी. टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरमधले बुकमार्क आणि सेव्ह पासवर्ड, डिजिटल सिग्नेचरचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचा मॉडेल नंबर, याची यादी कागदावर करा म्हणजे काही राहणार नाही. मावशीचा फॉन्ट शेवटी मंडळाच्या सेक्रेटरीबाईंच्या पीसीवर मिळाला. तीन दिवस मी फोन उचलत नव्हतो.

एसएसडीवर विंडोज टाकायचं

दोन रस्ते. आहे तसं सगळं कॉपी करायचं, त्याला क्लोन म्हणतात, क्लोनझिला हे फुकट आहे पण नवख्याला त्याची स्क्रीन बघून घाम फुटतो. किंवा नव्यानं टाकायचं. मी नव्यानं टाकतो, दहा वर्षांचा कचरा नव्या डिस्कवर न्यायचा कशाला.

आठ जीबीचा पेनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल, ते सांगेल तसं करत जायचं. तुमचं विंडोज १० ओरिजिनल आणि ॲक्टिव्हेटेड असेल तर त्याची नोंद बोर्डाशी जोडलेली असते, डिस्क बदलली तरी नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं, प्रॉडक्ट की विचारली तर "माझ्याकडे नाही" दाबून पुढं जा. त्याआधी बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग्ज) जाऊन साटा मोड एएचसीआय आहे का बघा, जुन्या पीसीत आयडीई ठेवलेला असतो. तो टाकायच्या आधी बदलायचा. नंतर बदलला तर निळी स्क्रीन.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, विंडोज टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. एक तर चुकून तिलाच फॉरमॅट मारायची भीती नाही, दुसरं म्हणजे विंडोजला वाईट खोड आहे, टाकताना दोन डिस्क दिसल्या तर चालू व्हायला लागणाऱ्या फायली कधीकधी जुन्या डिस्कवर ठेवतं, मग सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की पीसी चालूच होत नाही. सगळं टाकून झालं की केबल परत लावा, फोटो आणि व्हिडिओ तिच्यावर राहू देत, ते ठेवायला ती उत्तम आहे.

आता विंडोज कुठलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती पीसीसाठी मायक्रोसॉफ्टनं सिक्युरिटी अपडेटची एक वर्षाची मुदतवाढ ठेवली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर त्याची नोंदणी दिसते. विंडोज ११ साधारण आठव्या जनरेशनच्या खालच्या इंटेलला अधिकृतपणे चालत नाही, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पण मागतं. जुगाड करून टाकतात लोक, पण काकांच्या पीसीवर मी ते करणार नाही, मोठा अपडेट आला की मलाच जावं लागणार.

म्हणून काकांना मी लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम) दाखवलं, एक्सएफसीई वालं, ते हलकं असतं. कमीत कमी दोन जीबी रॅम, चार असली तर बरं. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताच चालवून बघता येतं, आवाज येतो का, वायफाय लागतं का, प्रिंट निघते का, सगळं तपासायचं आणि मगच ठरवायचं. आयबस (टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाकलं की मराठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतं. ज्यांचं काम ब्राउझर, व्हिडिओ, बिलं भरणं आणि कधीतरी एखादं पत्र एवढंच आहे त्यांना दोन दिवसांत फरक कळेनासा होतो. टॅली, श्रीलिपी, डिजिटल सिग्नेचर यातलं काही लागत असेल तर नादाला लागू नका. काका म्हणाले "स्टार्टचं बटन कुठाय?" दाखवलं. मग म्हणाले "पत्ते कुठायत?" पत्त्यांचा खेळ टाकून दिला.

एसएसडी, आठ जीबी रॅम आणि मिंट. बटन दाबल्यापासून लाइटबिलाच्या साइटपर्यंत त्रेचाळीस सेकंद. काकूंनी दोनदा परत करून दाखवायला लावलं.

जुनी डिस्क अगदीच पिवळी निघाली आणि काढून टाकायची वेळ आली तर तशीच भंगारवाल्याला देऊ नका, त्यात तुमच्या आधारपासून सगळं आहे. दुसऱ्या विंडोज पीसीला जोडून राइट क्लिक, फॉरमॅट, आणि क्विक फॉरमॅटची टिक काढून टाका. पाचशे जीबीला दोन-तीन तास सहज लागतात, रात्री लावून झोपा. डिस्क चालूच होत नसेल तर वरचे स्क्रू उघडून तबकडीवर खिळ्यानं चार ओरखडे ओढा, त्याला ताऱ्याच्या आकाराचं टोक असलेला स्क्रू ड्रायव्हर लागतो. आमच्याकडं नव्हता, काकांनी हातोडी घेतली.